शालूमामीच्या चहाचं प्रकरण

१

शालूमामी निर्दोष सुटली. देवरावमामा जिवंत आहेत. या घडीला दोघंही वलगावच्या घराच्या पडवीत बसून एकाच गंजातला, म्हणजे पातेल्यातला, चहा पीत आहेत, आणि मामांची तक्रार आहे की साखर कमी पडली.

वरचा परिच्छेद कोणीही वाचलेला नाही. रहस्यकथेत शेवट आधी सांगत नाहीत हे मला लिहून झाल्यावर कळलं. मी सरकारी नोकर. आमच्यात एकदा लिहिलेलं खोडता येत नाही, त्याकडे दुर्लक्ष तेवढं करता येतं. तेव्हा आपण सगळे मिळून दुर्लक्ष करू.

तर, रविवारी संध्याकाळी पावणेसहाला देवरावमामा पडवीत कोसळले.

हातात चहाचा कप होता. दोन घोट झाले होते. अंगभर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि मामा खुर्चीवरून घसरून कपासकट खाली आले. अमरावतीच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "दहा मिनिटं उशीर झाला असता, तर मला फक्त सही करायचं काम उरलं असतं."

ही तिसरी वेळ होती. तिन्ही वेळा रविवार, तिन्ही वेळा संध्याकाळ, तिन्ही वेळा हातात कप. आणि तिन्ही वेळा चहा केला होता शालूमामीने.

बुधवारपर्यंत घरात निकाल लागला होता. फक्त तपास बाकी होता, म्हणून मला फोन आला.

२

घरातली माणसं सांगतो. देवराव खंडारे, माझे सख्खे मामा, वनरक्षक. ड्युटी सेमाडोहच्या जंगलात, आठवड्याच्या सुट्टीला वलगावला घरी. ललितामामी ही त्यांची बायको. मनोज हा मुलगा, ज्याचं नुकतंच चांदूर बाजारला लग्न ठरलं. आणि शालूमामी, मामांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. ती अंगणवाडीत मदतनीस आहे आणि याच घरात मागच्या खोलीत राहते.

मी नागसेन. पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे लोकांच्या भाषेत ढोराचा डॉक्टर. माझे पेशंट बोलत नाहीत, त्यामुळे खोटंही बोलत नाहीत. माणसांची चौकशी हे माझ्यासाठी नवीन खातं होतं.

"तू ढोराचा डॉक्टर असला तं काय झालं," ललितामामी फोनवर म्हणाली, "इख तं तुले कयते ना?"

"विष? मामी, थोडं हळू बोल."

"हयू काऊन बोलू? साऱ्या वलगावले मालूम हाय. तिसऱ्या रविवारी तिचा भाऊ येऊन राहिला अकोल्याहून, ओमप्रकाश. त्याले जिनिंगमदून त्याच्या आंधी सुट्टी नाई. थो तिले घेऊन जाईन. पोलिसात देत नाई, घरची बाई हाय. पन या घरात आता तिच्या हातचं पानी कोनी पेत नाई."

म्हणजे माझ्या हातात अडीच आठवडे होते. त्यानंतर शालूमामी एक पेटी घेऊन अकोल्याला जाणार होती, आणि पेटीबरोबर जन्मभर 'भासऱ्याला विष घालणारी' हे नाव. धाकट्या जावेने नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. भासऱ्याला विष घालायची नाही.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मी दोन वर्षं या घरात राहून पदविका केली. पहाटे साडेपाचला गरम भाकरीचा डबा माझ्या हातात देणारी बाई शालूमामी होती. एक दिवसही चुकला नाही. त्यामुळे हा तपास निःपक्षपाती नव्हता. वाचकांनी तशी नोंद घ्यावी.

३

मामा बाजेवर पडले होते. चादर आखूड, पाय बाहेर. मी सवयीप्रमाणे आधी पायच पाहिले. मोज्याच्या रेषेच्या वर दहा-बारा लालकाळे ठिपके. बैल असता तर लगेच फवारणी लिहून दिली असती.

"चहात काय होतं, मामा?"

"चहा होता."

"चव वेगळी?"

"गोड होता बे. चहासारखाच लागला."

"तुमचा शालूमामीवर संशय आहे?"

"नाई."

"मग घरात सांगत का नाही?"

"सांगतलं ना. ललिता म्हने, तुमच्या मेंदूत इख गेलं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ही ॲलर्जी आहे असं म्हटलं होतं आणि विचारलं होतं की त्रास व्हायच्या अर्ध्या तासात काय खाल्लं. खाण्याची ॲलर्जी तेवढ्यात उठते. उत्तर तिन्ही वेळा एकच, चहा. पण मामा सेमाडोहला दिवसातून सहा चहा पितात. तीच पत्ती, तसंच दूध. फरक फक्त हाताचा. असं घरचं गणित होतं, आणि वरून पाहता बरोबरही होतं.

मी दुपारचं जेवण विचारलं. पहिल्या रविवारी घरी मटन. दुसऱ्या वेळी चांदूर बाजारला मनोजच्या होणाऱ्या सासुरवाडीत पाहुणचार, तिथेही मटन, आणि संध्याकाळी घरी येऊन चहा. त्यानंतर डॉक्टरांनी बीपी बघून मामांचं मटन बंद केलं. तिसऱ्या रविवारी घरी मटन शिजलं, पण मामांनी खाल्लं नाही.

"नक्की?"

"बुद्धाशपत," मामा म्हणाले. "एक पीस नाई."

ललितामामीने साक्ष दिली. "म्या त्यायले हात लावू देला नाई. मटनातून अस्तं, तं मटन न खाता कसे पडले असते? सांग ना. अन् चहा घेतानी त्यायनं कप डाव्या हातानं धरला. मी बोलली बी, उजवा हात पँटीले काय पुसून राहिले म्हून. तेवढ्यात पडले."

मनोज म्हणाला, "मीच वाढून राहिलो होतो. बाबाच्या ताटात एक बी पीस नोता. लिहून घे."

मी लिहून घेतलं.

"अन् हे बी लिही," मनोज पुढे झुकला. "मांगच्या महिन्यात एका रविवारी पाहुणे आले होते. गावरान कोंबडा केला. त्या दिवशी बाबा तिच्या हातचा तीन कप चहा पेले. काईच झालं नाई."

"मग चहा निर्दोष नाही का ठरत?"

"त्या दिवशी इख संपलं असन."

मनोजवर माझा संशय इथे सुरू झाला. लग्नानंतर त्याला खोली हवी होती. मागच्या खोलीच्या भिंतीवर मी खडूच्या खुणा पाहिल्या होत्या. कपाट कुठे, पलंग कुठे, आरसा कुठे. शालूमामी त्या खुणांमध्ये राहत होती. तिची चटई बरोबर पलंगाच्या जागी पडलेली.

मनोजला माझी नजर कळली असावी. त्याने शेवटचा पुरावा काढला.

"बाबा पडाच्या आंधी तिनं ऑटो बलावला होता. नत्थुजीले इचार. मानूस पडला नाई अन् ऑटो दारात! तिले कसं मालूम, बाबा पडनार हायत म्हून?"

मी ऑटोवाल्या नत्थुजींकडे गेलो. त्यांनी मोबाइल काढला. शालूमामीचा फोन, पाच वाजून एकेचाळीस मिनिटं. मामा पडले ते पावणेसहाला.

४

शालूमामी मागच्या खोलीत अर्धा कप चहा करत होती. अर्धाच, कारण पिणारी एकटी. मला पाहून तिने सवयीने दूध वाढवलं. मग थांबली आणि कप मागे ओढला.

"राहू दे, नागसेन. तुले पाजला अन् तुले उद्या शिंक जरी आली, तं मले बोलतीन."

मी कप घेतला आणि प्यालो. मग दुसरा मागितला. तपासाच्या नावाखाली एकूण चार कप झाले. काही झालं नाही. चौथ्या कपाच्या वेळी तिने डोळे पुसले. मी स्टोव्हच्या धुरामुळे असं धरलं. स्टोव्ह गॅसचा होता.

"मामी, ऑटो आधी का बोलावलास?"

"चहा घेऊन गेली तवाच त्यायचे कान लाल झाले होते. मांगच्या दोन्ही खेपीले बी पयले कानच लाल झाले होते. म्या कप हातात देला अन् नत्थुजीले फोन लावला."

"म्हणजे चहा प्यायच्या आधीच कान लाल?"

"आंधी."

"हे तू कोणाला सांगितलंस का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "इचारलं कोनी?"

मी पडवीत येऊन मामांना कानांबद्दल विचारलं.

"मले कसे दिसतीन बे? माह्याच डोक्याले हायत."

"बरं, तळहाताला काही?"

मामा उठून बसले. "खाज! उजव्या हाताले. म्हून तं कप डाव्या हातात घेतला."

म्हणजे कप हातात पडायच्या आधी खाज सुरू झाली होती. आणि याची साक्षीदार होती स्वतः ललितामामी, जिने डाव्या हातासाठी त्यांना टोकलं होतं. फिर्यादीच्या तोंडून आरोपीचा पुरावा. मी आनंदाने ललितामामीला हे सांगितलं.

"वाहवा," ती म्हणाली. "म्हंजे तिनं इख चहाच्या बी आंधी घातलं."

५

शनिवारी सेमाडोहला गेलो. मामांबरोबर ड्युटी करणारे चंद्रभान चौकीसमोर बसून बुटात फुंकर मारत होते.

"देवरावभाऊ? इथंबी सुजला होता ना एकदा," ते म्हणाले. "पोयाच्या आंधी. अंग लाल, तोंड असं भोपया. आमी म्हतलं खाजकुयली लागली. घोंगडीत गुंडाळून ठेवला, सकायपर्यंत उतरलं."

"मामा बोलले नाहीत."

"खाजकुयलीचं काय सांगाचं घरी? जंगलात खाज येतच राह्यते."

"त्या दिवशी दुपारी काय जेवलात?"

"बोकड होतं. साहेबायची बदली झाली, तं पार्टी."

"आणि संध्याकाळी चहा कोणी केला?"

"म्या."

मी वहीत लिहायला घेतलं. चंद्रभानांचा चेहरा उतरला. "काय लिहून राहिला बे? म्या काई नाई केलं! पत्ती सोसायटीची होती!"

शालूमामी त्या दिवशी वलगावच्या अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होती. मधे अख्खा मेळघाट. इतक्या लांबून चहात काही टाकायचं तर हात फारच लांब लागतो.

"तुमच्या पायांना काय झालंय?" मी विचारलं. त्यांनी बूट याच कामासाठी काढले होते.

"गोचीड. मोठी दिसते तरी. हे बारीक, मोहरीएवढे. गवतातून चालला की शंभर-शंभर चढतात. देवरावभाऊले तं लयच. थो मोजे घालत नाई ना गरम होते म्हून."

गोचीड माझ्या खात्यातला विषय. गोचीड रक्त पिते तेव्हा नुसती घेत नाही, आपलंही काही सोडते. त्यातून गाईंना कोणते ताप येतात ते मी झोपेतही सांगेन. पण मामांना ताप नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी एक तक्ता केला. सेमाडोह, दुपारी बोकड, संध्याकाळी सूज. पहिला रविवार, बोकड, सूज. चांदूर बाजार, बोकड, सूज. कोंबड्याचा रविवार, तीन कप चहा, काही नाही. जेवण एकच्या सुमारास, त्रास साडेपाच-पावणेसहाला. दर वेळी साडेचार तासांचं अंतर.

तक्ता सुंदर दिसत होता. फक्त शेवटच्या रविवारच्या चौकटीत लिहिलं होतं, 'मटन खाल्लं नाही'. दोन साक्षीदार, एक शपथ.

त्या एका चौकटीमुळे शालूमामी अकोल्याला चालली होती.

६

डॉ. आकांक्षा देशमुख यांचा अकोल्यात त्वचेचा आणि ॲलर्जीचा दवाखाना आहे. त्यांच्या वडिलांची म्हैस माझी पेशंट, त्यामुळे अपॉइंटमेंट मिळाली. मंगळवारी सकाळी मामांना घेऊन गेलो. गोचीड आणि बोकड यांचा काही संबंध असू शकतो का, असं मी चाचरत विचारलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चंद्रभानांच्या बुटाने."

त्यांनी समजावलं ते असं. दूध पाजणाऱ्या बहुतेक जनावरांच्या मांसात एक साखर असते, अल्फा-गॅल. माणसात ती नसते. काही गोचिडींच्या चाव्यातून ती आपल्या रक्तात शिरते आणि एखाद्याचं शरीर तिला शत्रू समजायला लागतं. मग मटन पोटात गेलं की अंग पेटतं. सगळ्यांचं नाही, एखाद्याचंच. कोंबडीत आणि माशात ती साखर नाही. दुधात असलीच तर थोडी, ते बहुतेकांना सोसतं.

"आणि गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "ही ॲलर्जी लगेच उठत नाही. तीन ते सहा तास लागतात. म्हणून लोक शेवटी जे तोंडात गेलं त्याला दोष देतात."

"चहाला," मी म्हणालो.

"किंवा चहा करणाऱ्याला."

 मामा हळूच म्हणाले, "म्हंजे मी तीस वर्ष ज्या जंगलाची राखन केली, त्यातल्या मोहरीएवढ्या किड्यानं मले शाकाहारी केलं?"

"अर्धे शाकाहारी. कोंबडी चालेल."

रक्त घेतलं, तपासणीला बाहेरगावी पाठवलं. मी शेवटच्या चौकटीबद्दल विचारलं.

"त्यांनी काहीतरी खाल्लंच असणार."

"नाही. दोन साक्षीदार आहेत."

"मग दोघं खोटं बोलतायत."

"डॉक्टर, माझे नातेवाईक आहेत, बोलू शकतात. पण एकाच वेळी एकच खोटं बोलणं त्यांना जमत नाही."

मामांना अमरावतीच्या बसमध्ये बसवून मी जुना वर्गमित्र अंकुर ठाकरे याच्याबरोबर जेवायला गेलो. खानावळ त्याच्या आवडीची. मी चिकन सांगितलं. अंकुर म्हणाला, "मी मटन सोडलं बे. दीड वर्ष झालं. आईले शब्द देला. घरी माळ हाय ना आमच्या."

"छान."

"कठीण गेलं सुरुवातीले. पन मन पक्कं पायजे." मग तो वाढणाऱ्याकडे वळला. "भाऊ, मले मटनात पीस टाकू नको. नुसता रस्सा दे. तर्री वरून मार जरा."

माझा घास हातातच राहिला.

"काय झालं बे?"

"अंकुर, तू आत्ता काय खातोयस?"

"भाकर," अंकुर म्हणाला, आणि लाल रश्श्यात ती कुस्करायला लागला.

७

शालूमामीला न्यायचा ठरलेला रविवार. ओमप्रकाश दहाच्या गाडीने आला. शालूमामीची पेटी दारात बांधून ठेवलेली. तिने अंगणवाडीची किल्ली सेविकाबाईंकडे देऊन टाकली होती. तिचा चेहरा रिकाम्या फळीसारखा.

मी सगळ्यांना पडवीत बसवलं आणि अहवाल काढला. आदल्या दिवशी आला होता. अल्फा-गॅलचा आकडा असायला हवा त्याच्या बराच वर. गोचीड, साखर, साडेचार तास, सेमाडोहचा दिवस, डावा हात, लाल कान, सगळं सांगितलं. नत्थुजी बोलावलेले नव्हते, पण ऑटो बंद करून ऐकत उभे होते.

"हे बरोबर असन," ललितामामी म्हणाली, "पन मांगच्या खेपेले त्यायनं मटन खाल्लं नोतं. त्याचं काय?"

"त्याचंच बघू. मामी, त्या दिवशी मामा काय जेवले?"

"भाकर."

"किती?"

"दोन. तिसरी अर्धी."

"कशाबरोबर?"

"कशासंगं म्हंजे? रश्श्यासंगं. कोरडी भाकर कोन खाते?"

"कोणता रस्सा?"

ललितामामीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहानपणी डोक्यावर पडलो होतो हे तिला कोणी सांगितलं नाही याचं तिला दुःख झालं असावं. "मटनाचा. घरात दुसरा कोनता होता?"

मी मामांकडे वळलो.

"मामा, तुम्ही शपथ घेतली होती."

"खरी घेतली," मामा म्हणाले. "पीस नाई खाल्ला. रस्सा घेतला, दोन वाट्या. रस्सा म्हंजे मटन थोडंच हाय?"

"रस्सा म्हंजे मटन कसं होईन?" मनोज म्हणाला.

"रस्सा तं रस्साच असते," नत्थुजी दारातून म्हणाले.

ओमप्रकाशसुद्धा, जो बहिणीला घेऊन जायला आला होता, मान हलवून म्हणाला, "नाई बावा, रश्श्याले मटन नाई म्हनत कोनी. आमच्या अकोल्यातबी नाई." एकवीस दिवसांत त्या घराचं पहिल्यांदा एकमत झालं. मी शालूमामीकडे पाहिलं.

"मले बी वाटलं नोतं," ती हळूच म्हणाली. "म्या बी ताट पाह्यलं होतं. पीस नोताच."

अंकुरच्या जेवणानंतर मी डॉ. देशमुखांना फोन करून लिहून घेतलेलं वाक्य वाचून दाखवलं. साखर मटणाच्या पीसमध्ये असते, चरबीत असते, आणि दोन तास उकळलेल्या रश्श्यात तर भरपूर असते. तर्री म्हणजे चरबीच. आरोपीचं नाव गोचीड, राहणार सेमाडोह, सध्या फरार. साथीदार, रस्सा. दोन्ही साक्षीदार खरं बोलले होते. अख्खं गाव खरं बोललं होतं.

"अजून एक," मी म्हणालो. "दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते की दहा मिनिटं उशीर झाला असता तर मामा गेले असते. ती दहा मिनिटं कुठून आली? मामा पडल्यावर ललितामामी, मनोज, तुम्ही दोघं कपाकडे बघत होता. ऑटो तोवर निघालेला होता."

 मनोज उठून आत गेला. बराच वेळ ओल्या फडक्याने भिंत पुसल्याचा आवाज येत राहिला. ललितामामी खांबाला टेकून उभी होती. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही, कशी मागतात ते कोणाला माहीत नाही. तिने पेटीची दोरी सोडली. गाठ पक्की होती, दाताने सोडावी लागली.

"शालू," ती तोंडातली दोरी काढून म्हणाली, "चहा ठेव वो. साऱ्यायले."

"दूध कमी हाय, बाई."

"मी आनतो," नत्थुजी म्हणाले आणि ऑटो सुरू केला.

चहा आला. सगळ्यात आधी मामांनी कप उचलला. उजव्या हाताने. शालूमामी दारात उभी राहून त्यांचे कान बघत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कान काळे होते, काळेच राहिले. मग ती खाली बसली आणि तिने स्वतःचा कप घेतला.

८

आता मामांचं नवं जगणं सांगतो. चौकीच्या पेटीत आणि घरी फळीवर इंजेक्शन असतं. ते कसं द्यायचं हे शालूमामी, ललितामामी आणि चंद्रभान यांना डॉक्टरांनी संत्र्यावर शिकवलं. चंद्रभानांनी पाच संत्री वाया घालवली, असं ते म्हणतात. आम्हाला साली सापडल्या. मामा सेमाडोहला मोजे पँटीवर ओढून फिरतात. पर्यटक हसतात, मामा हसू देतात, कारण नवीन चाव्यांनी हा आजार वाढतो आणि चावे थांबले तर काही वर्षांत उतरूही शकतो. लग्नात पंगतीला बसले की वाढणाऱ्याला आधी विचारतात, डाव कोणत्या गंजातून आला. औषधाच्या दुकानात कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडा-चामड्याचं तर नाही ना, हे विचारतात. दुकानदाराला माहीत नसतं. मामा थांबतात, तो फोन लावतो.

दर रविवारी घरी कोंबडा होतो. ललितामामी पहिल्यांदा वेगळ्या गंजात करायला विसरली, तेव्हा शालूमामीने सगळा कोंबडा शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि मामांना वरण वाढलं. मामा दोन वाट्या प्याले.

मनोजचं लग्न झालं. तो आणि सूनबाई समोरच्या खोलीत राहतात. कपाट दारातून आत जात नाही, म्हणून पडवीत आहे. मामा त्याला टेकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे आभार मानतात. नत्थुजींचा ऑटो गेला की त्यालाही जयभीम करतात, मागे कोण बसलंय ते न बघता.

मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्या कार्यालयात एक अर्ज आणून दिला. मी म्हटलं, मामा, हे जनावरांचं कार्यालय आहे. ते म्हणाले, "सरकारात ओयख तुहीच हाय. आवक नंबर टाक." मी टाकला. अर्ज खालीलप्रमाणे.

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी

विषय: दिवस परत मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार देवराव खंडारे, वनरक्षक, रा. वलगाव, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, माझ्या भावाची पत्नी श्रीमती शालू यांनी माझा जीव वाचविला. सदर कारणास्तव आमच्या घराने त्यांच्या हातचे पाणी एकवीस दिवस बंद ठेवले. सदर दिवस त्यांच्याकडून चुकीने वापरले गेले असून त्यात त्यांचा काही दोष नाही. मी त्या काळात बाजेवर होतो व मोठ्याने बोललो नाही, हा दोष माझा आहे.

तरी सदर एकवीस दिवस श्रीमती शालू यांच्या आयुष्यातून कमी करून तेवढेच कोरे दिवस त्यांना नव्याने देण्यात यावेत. एकदम देणे शक्य नसल्यास हप्त्याने चालतील. उन्हाळ्यातले देऊ नयेत. लागणारे दिवस माझ्या शिल्लक आयुष्यातून वळते करून घेण्यास माझी हरकत नाही, कारण ते तसेही त्यांनीच दिलेले आहेत. आदेशाची एक प्रत त्यांच्या पत्त्यावर, मागची खोली, येथे पाठवावी, ही नम्र विनंती.